आधी बुडवून बघू

गोधडी शिवणाऱ्या बायकांत दोन पंथ आहेत. एक पंथ दुकानातून आणलेलं कापड थेट कातरीखाली घेतो. दुसरा ते आधी बादलीत घालतो. आमच्या काकू दुसऱ्या पंथातल्या, आणि त्यातही कडव्या. ‘आमच्या’ म्हणजे कोणाच्याही. प्रत्येक सोसायटीत अशा एक काकू असतातच. बाल्कनीच्या दोरीवर बिनशिवलेले मीटर-अर्ध्या मीटरचे तुकडे वाळत असतात आणि बाथरूममध्ये एक निळसर-गुलाबी पडलेली बादली असते, जिच्यात घरातल्या कोणी अंघोळीचं पाणी काढायचं नसतं, ते घर काकूंचं.

मंगळदास मार्केटात काकू शिरल्या की जुने दुकानदार सावध होतात. भाव पाडण्यात काकूंना रस नाही. त्यांच्या पर्समध्ये छोट्या डबीत ओला पांढरा फडका असतो. लाल कापड पुढ्यात आलं की तो बाहेर निघतो आणि ताग्याच्या कोपऱ्यावर घासला जातो. दुकानदार म्हणतो, “ताई, पक्का रंग आहे.” काकू काही बोलत नाहीत, फडका त्याच्यापुढे धरतात. फडक्यावर गुलाबी डाग. “हा पक्काच आहे,” तो म्हणतो, “जास्तीचा तेवढा येतो.” गंमत म्हणजे तो खरं बोलत असतो.

घरी आल्यावर दुसरी फेरी. प्रत्येक कापडाची चिंधी स्टीलच्या पेल्यात गरम पाण्यात बुडवून ओट्यावर ठेवायची. त्या घरी कोकम सरबत पुढे आलं की माहीतगार पाहुणा आधी तळाशी चिंधी आहे का बघतो.

मग बादली. आधी मांजरपाट, मग पिवळे, मग हिरवे, शेवटी लाल, तोही एकटा. निळीच्या कापडावर काकूंचा खास राग. नीळ पाण्यात विरघळत नाही, धाग्याला धरून बसते आणि घासलं की सुटते. म्हणून चार पाणी झाल्यावर बादली साळसूद दिसते आणि टाके घालणाऱ्याची बोटं मात्र निळी होतात. कोरड्या पांढऱ्या कापडावर घासल्याशिवाय काकू निळीला सोडत नाहीत.

बादलीत मूठभर मीठ पडतं. ते का, याचं उत्तर ‘आई घालायची’. शेजारचे आजोबा गिरणीच्या रंगखात्यात आयुष्य घालवलेले. त्यांना हे मीठ बघवत नाही. “मिठानं रंग पक्का होत नाही हो! मीठ आम्ही रंगवताना घालायचो, रंग पाण्यातून धाग्याकडे ढकलायला. रंग धाग्याला जोडतो तो सोडा.” मग 1956 साल येतं. त्या वर्षी इंग्लंडच्या आय.सी.आय. कंपनीनं सुती धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे प्रोसियन रंग बाजारात आणले. एकदा जोडला की तो रंग सुटत नाही. जोडला न गेलेला नुसता चिकटून बसलेला असतो, तो गरम पाण्यानं आणि साबणानं काढून टाकायचा असतो. कारखान्यानं ते धुणं घाईत उरकलं की उरलेलं काकूंच्या बाथरूममध्ये होतं. स्वस्तातले डायरेक्ट रंग मात्र धाग्याला सैलच धरतात, ते जन्मभर थोडे थोडे जात राहतात. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. आता त्या गरम पाणी घेतात, साबण घालतात, आणि मीठही. “नैवेद्यापुरतं,” म्हणतात.

रंग हे अर्धंच कारण. कोरं सुती कापड आटतं, आणि सगळी कापडं सारखी आटत नाहीत. मांजरपाट चांगलाच आटतो, घट्ट विणीचं छापील कापड त्या मानानं कमी. दोन्ही शेजारी जोडून शिवली आणि मग धुतली की एक चौकोन ओढला जातो, दुसरा फुगतो. विरुद्ध पंथाला नेमकं हेच आवडतं. त्यांच्या मते शिवून झाल्यावर धुतलेल्या गोधडीवर सुरकुत्या पडतात आणि ती आजीच्या ट्रंकेतली वाटते. “नवी गोधडी जुनी दिसावी म्हणून मी कष्ट करू?” काकू विचारतात. खरं सांगायचं तर त्या सुरकुत्या सुंदर दिसतात, पण हे काकूंसमोर बोलायची माझी छाती नाही.

त्या पंथाचा दुसरा मुद्दा अधिक अडचणीचा आहे. कोऱ्या कापडाला खळ असते, त्यामुळे ते कडक राहतं, सरळ कापलं जातं. धुतलं की लुळं पडतं, कडांना दशा सुटतात, त्यांचा गुंता होतो आणि तो सोडवायला काका बसवले जातात. म्हणून धुतलेल्या कापडाला काकू साबुदाण्याची खळ घालतात आणि कडक इस्त्री करतात. काकांनी एकदा विचारलं, “खळ काढायची आणि परत खळच घालायची, तर मग काढली कशाला?” काकू म्हणाल्या, “ती त्यांची होती. ही आपली.”

सासूबाई हे सगळं कॉटवरून पाहतात. नव्वदीच्या आहेत, गावाकडे असताना दर उन्हाळ्यात वाकळा शिवल्या. कोरं कापड विकत आणून वाकळ शिवायची, हीच त्यांना उधळपट्टी वाटते. “लुगडं नेसून नेसून विटायचं, नदीवर आपटून आपटून विरायचं, मग ते वाकळेत जायचं. त्यात जायला रंग उरायचा कुठं?” जे काम नदीच्या दगडानं पंधरा वर्षांत केलं ते सून चार दिवसांत बादलीत करू बघते, याची त्यांना थोडी कीव येते. एरवी वाद घालणाऱ्या काकू यावर गप्प बसतात, कारण या दलिलीला त्यांच्याकडे फडका नाही.

परवा भाचीच्या बाळासाठी दुपटं तयार झालं. त्यातला प्रत्येक चौकोन तीनदा धुतलेला, पेल्यात तपासलेला, पांढऱ्यावर घासलेला. आजोबांनीही भिंग लावून पास केलं. भाचीनं ते हातात घेतलं, बाळाच्या अंगावर घातलं, कौतुक झालं. निघताना काकूंनी तिला दारात गाठलं आणि हळूच म्हणाल्या, “आणि हे बघ, पहिली दोन-तीन धुणी वेगळी धू हो. सांगता येत नाही.”