मे महिन्यातील स्वेटर

मुंबईतील वातानुकूलित कार्यालयांत खुर्चीच्या पाठीवर बारमाही लटकणाऱ्या स्वेटरकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. मे महिन्यात घामाने निथळत लोकलमधून उतरलेला कर्मचारी रुमालाने मान पुसतो आणि अर्ध्या तासात तोच स्वेटर गळ्यापर्यंत ओढून बसतो, हा क्रम इतका सार्वत्रिक आहे की त्याची गणना कार्यालयीन संस्कारांत करण्यास हरकत नसावी.

उष्मासुख, म्हणजे शरीराला ना गार ना गरम वाटण्याची अवस्था, केवळ तापमानावर ठरत नाही. हवेतील दमटपणा, वारा, भिंतींची व काचांची उष्णता, श्रम आणि अंगावरचे कपडे यांचाही त्यात वाटा असतो. कपडे किती ऊब धरतात हे मोजण्यासाठी 1941 मध्ये 'क्लो' हे एकक मांडले गेले, ज्यानुसार पूर्ण सूट सुमारे एक क्लो आणि उन्हाळी सुती पोशाख सुमारे अर्धा क्लो भरतो. रिमोट ज्यांच्या टेबलावर असतो ते साहेब एक क्लोमध्ये असतात आणि उरलेले कार्यालय अर्ध्यात, त्यामुळे कमी पडणारा अर्धा क्लो स्वेटरने भरून काढावा लागतो. तोही एकटा पुरत नसल्याने शाल येते. अशा रीतीने संस्था ज्या थंडीचे बिल भरते, ती अंगाला लागू नये म्हणून कर्मचारी पदरचे पैसे खर्चून लोकर घेतो, आणि निवृत्तीच्या दिवशी त्याला समारंभपूर्वक शाल दिली जाते, जी रुजू होण्याच्या पत्रासोबतच मिळायला हवी होती.

रिमोटवरचा आकडा 18 अंशांवर नेला की खोली लवकर गार होते, ही श्रद्धा या थंडीच्या मुळाशी आहे. वास्तविक एकाच वेगाने चालणारा कॉम्प्रेसर, म्हणजे वायू दाबणारा पंप, 24 वर ठेवला तरी तितक्याच जोमाने चालतो. 18 वर तो फक्त थांबायचे विसरतो. 1 जानेवारी 2020 पासून भारतात वीजबचतीचे तारे लावलेली खोलीची वातानुकूलन यंत्रे 24 अंशांवर सुरू होतील अशीच घडवणे बंधनकारक झाले, परंतु बटण दाबणाऱ्या अंगठ्याला नियम लागू नाही.

यापेक्षा संतापजनक गोष्ट म्हणजे छताचे पंखे. हवा हलती असली की दोन-तीन अंश जास्त तापमानही सुखाचे वाटते, हे माजघरात झोपणाऱ्या कोणत्याही आजीला ठाऊक असताना, केवळ खोटे छत देखणे दिसावे म्हणून चालते पंखे उतरवून भंगारात घातले गेले, पश्चिमेला न उघडणारी काच बसवली गेली, आणि तिच्यातून शिरणारे ऊन उपसण्यासाठी आणखी यंत्रे मागवली गेली. हा निव्वळ मूर्खपणा असून त्यास सजावट म्हणणे बंद व्हावे. साधा छतपंखा सुमारे 75 वॅट वीज घेतो. दीड टनी यंत्र भरात असताना सुमारे 1500.