कवेलू उतरले, माळा उघडा पडला

साकोलीत मे महिन्यात बोलायला दोनच विषय असतात. कोणाच्या लग्नात वरण पातळ झालं आणि कोणी घरावरचे कवेलू काढून टिना टाकल्या. यंदाची लग्नं बरीच निर्विघ्न पार पडली, म्हणून बेशरमाच्या कुंपणापलीकडून काकूंनी दुसरा विषय काढला.

"आयकलं का व बाई, आमचेबी कवेलू उतरून रायले."

हे मला न कळण्यासारखं नव्हतं. सकाळपासून त्यांच्या अंगणात कवेलूंची चळत लागत होती आणि धूळ माझ्या वाळत घातलेल्या कुरोड्यांवर बसत होती. पण बातमी रीतसर कुंपणावरूनच आली पाहिजे, याबाबतीत काकू काटेकोर आहेत. मी "हाव का?" म्हणून बादली खाली ठेवली.

कारण तेच, वांदरं. नवेगाव-नागझिऱ्याचं जंगल इतकं जवळ असल्यावर ती येणारच. मागच्या चिंचेवरून काकूंच्या घराच्या आड्यावर, तिथून माझ्या पेरूवर. टोळीतला मोठा हुप्प्या एकदा आड्यावर धपकन बसला की चार कवेलूंचा हिशेब संपला. फुटलेलं कवेलू बदलावं, तर नळीचे देशी कवेलू घडवणारा कुंभार आणायचा कुठून? चाकावर निमुळती नळी ओढायची, ओली असतानाच दोन्ही अंगांनी चिरायची, सुकवायची, भट्टी लावायची, आणि एवढं करून हाती काय लागणार? त्यांची पोरं पुण्या-हैदराबादेत कामाला गेली. कवेलू फेरणारेही गेले. पूर्वी रोहिणी लागायच्या सुमाराला दोन माणसं वर चढायची, सगळे कवेलू उचलून, झाडून, फुटके बाजूला काढून पुन्हा बसवायची. आता माणूस मिळालाच तर तो आधी खाली उभा राहून फाट्यांकडे बघतो आणि नाही म्हणतो.

"पोरगा म्हणते, आई, टिना टाक अन् कटकट मिटव." पोरगा नागपूरला असतो. "त्याच्या फ्लॅटले कुठं कवेलू हायेत? त्याले सांगाले काय जाते?"

मग आम्ही क्रमानं गल्लीतल्या एकेका टिनांच्या घरावर आलो. कोपऱ्यावरच्या मास्तरांनी निळ्याशार टिना टाकल्या. रस्त्यावरून घर झकास दिसतं आणि मास्तर दुपारभर वाचनालयात बसतात. लोकांना वाटतं, रिटायर झाल्यावर वाचनाचा नाद लागला. त्यांच्या बाई म्हणतात, दुपारी माजघरात भाकर नुसती ताटात ठेवली तरी फुगेल. पलीकडच्या दुकानदारानं दोन कूलर लावलेत. ते नवतपा संपेपर्यंत चालतात. पहिला पाऊस पडून हवेत ओल आली की कूलर नुसता भरभर आवाज करतो आणि अंग चिकट ते चिकटच. आणि मागच्या गल्लीतली सून बाळंतपणाला माहेरी गेली ती उन्हाळा संपेस्तोवर परत आली नाही, ते टिनांमुळेच, असं काकूंचं ठाम मत आहे. मला त्या सुनेची बाजूही माहीत आहे, पण ती इथे सांगण्यासारखी नाही.

"मंग आमचंबी तसंच होईन का व?"

"माळा ठेवता का काढता?" मी विचारलं.

"माळ्याचं काय? मिस्त्री म्हणते, माती काढून फेकू, घर हलकं होते."

इथे मात्र मला राहवलं नाही. गल्लीतल्या या सगळ्या तापलेल्या घरांत एक गोष्ट सारखी आहे आणि ती रस्त्यावरून दिसत नाही. कवेलूंबरोबर प्रत्येकानं माळाही काढून टाकला. शिव्या सगळ्या टिनांना पडतात. जुन्या घरातला थंडावा एकट्या कवेलूंचा कधीच नव्हता. कवेलू ऊन झेलतात आणि त्यांच्या फटींतून तापलेली हवा निघून जाते. त्याखाली माळ्याची मोकळी जागा असते, आणि तिच्याखाली बांबूच्या तट्ट्यावर चार बोटं माती, शेणानं सारवलेली. आमच्याकडे धानाचं पीक, म्हणून कित्येक घरांत मातीखाली तणशीचा थरही असतो. वरचं ऊन एवढं सगळं ओलांडून खोलीत पोचेपर्यंत संध्याकाळ होते आणि तोवर आपण अंगणात खाटा टाकलेल्या असतात. टिन मे महिन्याच्या दुपारी साठ अंशांच्या पुढे सहज तापते. ती नुसती हवा तापवत नाही, खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावर थेट झळ सोडते. ती झळ अडवणारं मध्ये काहीतरी लागतं, आणि आपण नेमकं तेच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून बाहेर पाठवतो.

हे ऐकून काकाजी खाटेवरून उठले. उन्हाचा विषय निघाला की ते नागपूरच्या 56 डिग्रीवर येतात. 2024 च्या मे महिन्याच्या अखेरीस नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्रावर 56 अंश नोंदले गेले होते आणि हवामान खात्यानं नंतर यंत्रात बिघाड असल्याचं सांगितलं. काकाजींना ते अजून मान्य नाही. "यंत्र खराब नोतं. मानसं घाबरतीन म्हणून दाबलं." त्याच आठवड्यात ब्रह्मपुरीचा पारा 47 वर गेला होता आणि तो खरा होता, हे सांगून मी त्यांचं समाधान करायचा प्रयत्न केला. 56 ऐकलेल्या माणसाला 47 पुरत नाही.

"चला, पाहूनच घेऊ," म्हणून मी कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेले. कवेलू उतरलेले होते, टिना यायच्या होत्या. असा मोकळा दिवस माळ्याच्या नशिबी एका पिढीत एखाद्या वेळी येतो. एरवी तिथे अंधार आणि विंचवाची भीती, कोण कशाला वाकून बघेल?

मधला माळा ठणठणीत होता. माती कडक, बारीक भेगा पडलेली. एक ढेकूळ उचललं तर खालची तणस अजून पिवळी होती, मुठीत चुरली की खरखर वाजत होती. काकूंच्या सासऱ्यांच्या हातची असणार. वळचणीच्या अंगाला सरकलो तसा रंग बदलला. तिथे माती काळपट, तणस काळी आणि बसलेली, दाबली की बोटांना चिकटणारी, कुबट वासाची. भिजून दबलेली तणस झळ अडवत नाही, उलट ओल धरून ठेवते आणि उधईला बोलावते. काकाजींनी तिथल्या एका फाट्याच्या टोकात खिळा टोचला, तो अर्धा आत गेला. काकाजी काही बोलले नाहीत. खाली पाहिलं तर ज्या भिंतीचे बाहेरून पोपडे निघत होते, ती नेमकी याच जागेखाली होती. मिस्त्री तिथे सिमेंटची छपाई करणार होता. मातीच्या भिंतीवर सिमेंट मारलं की आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि दोन-तीन पावसाळ्यांत छपाई पोकळ वाजायला लागते. बाहेरून भिंत लिंपायच्या आधी ओल जमिनीतून चढली की छपरातून उतरली हे बघायचं असतं, आणि ते माळ्यावरूनच दिसतं. माझ्या मते घराच्या बाहेरच्या डागडुजीचं पहिलं काम हेच. रंगाचा डबा त्यानंतर.

पुढे उंदराचं घर सापडलं. तणस, गादीतला कापूस आणि एका लग्नपत्रिकेचे तुकडे. काकूंनी ते तुकडे तळहातावर जुळवले. "चि. सौ. कां." एवढं वाचता आलं आणि अर्धं आडनाव. तेवढ्यावर काकूंनी लग्न ओळखलं. मग त्या लग्नातलं रुसलेलं व्याहीमंडळ, हरवलेली अंगठी आणि ती पुढे कोणाच्या बोटात दिसली, यावर आमची चांगली अर्धा तास बैठक झाली. नाव मी लिहीत नाही. साकोलीत ते सगळ्यांना माहीत आहे.

त्या गप्पांच्या नादात वायर नजरेतून सुटली असती. उंदराच्या घराला लागूनच, तणशीतून विजेची वायर गेली होती, वरचं आवरण कुरतडलेलं, आत तांबं चमकत होतं. धानाचे पुंजणे पेटल्याच्या बातम्या भंडारा जिल्ह्यात दरवर्षी येतात आणि आपण हळहळतो. इथे डोक्यावर कोरडी तणस आणि तिच्यात उघडी तार. काकाजी पहिल्यांदा खाली उतरून मेन स्विच बंद करून आले, मग बोलले.

मिस्त्रीचं म्हणणं अगदीच चूक नाही, हेही सांगायला हवं. ओली माती जड असते आणि मयाल वाकलं असेल तर तिचं ओझं उतरवलेलंच बरं. काकूंचं मयाल सरळ होतं. म्हणून ठरलं ते असं: मधली माती ठेवायची, वळचणीकडची भिजलेली पट्टी काढायची, दोन फाटे बदलायचे, वायर पाइपात घालून तणशीपासून दूर न्यायची. काढलेल्या जागी धानाचा कोंडा भरायचा. राइस मिलला तो पोत्यानं मिळतो, मातीपेक्षा खूप हलका, आणि त्यात सिलिका भरपूर असल्यामुळे लवकर कुजत नाही. फक्त ठिणगी पडली तर आतल्या आत धुमसतो, म्हणून वरून मातीचं लिंपण हवंच. टिना माळ्यावर दाबून बसवायच्या नाहीत, मध्ये हातभर जागा सोडायची आणि दोन्ही टोकांना बारीक जाळी लावायची. हवा निघून जाईल आणि साप-उंदीर बाहेर राहतील.

"थर्माकोल लावते म्हणे लोकं," काकू म्हणाल्या. लावतात. आमच्या ओळखीच्या एका घरात लावलं होतं, उंदरांनी त्यात बोगदे केले, आणि पेटलं तर त्याचा धूर फार वाईट. चकचकीत पन्नीची शीट लावणारेही आहेत. ती चकचकीत बाजू हवेकडे मोकळी राहिली तरच उपयोग, टिनेला घट्ट चिकटवली की पैसे वाया. सगळ्यात सोपं म्हणजे टिनच पांढरी घ्यायची. अहमदाबादेत 2010 च्या उन्हाळ्यात फार माणसं दगावली, 2013 मध्ये तिथे उष्णतेपासून बचावाचा आराखडा झाला आणि पुढे वस्त्यांमधली छपरं पांढरी रंगवायला घेतली. शेजारच्या तेलंगणानं तर 2023 मध्ये थंड छपरांचं धोरणच काढलं.

"पांढरा रंग माराले धोरण कायले लागते?" काकाजी म्हणाले. काकूंची अडचण निराळी होती. "मास्तरच्या निळ्या टिना कशा दिसते! आमचं पांढरं घर दवाखाना दिसन."

मागच्या गोठ्यावर जुन्या सिमेंटच्या शीट आहेत. मिस्त्री त्या हातोड्यानं फोडून काढायच्या बेतात होता. तेवढं मात्र मी ठामपणे थांबवलं. जुन्या शीटमध्ये बहुधा अ‍ॅस्बेस्टस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. आधी पाणी मारायचं, न मोडता अख्खी उतरवायची, कोरडं झाडायचं नाही.

मुलाला मी एक निरोप द्यायला सांगितला. नागपूरहून सेवाग्राम फार लांब नाही. मे महिन्यातल्या दुपारी बापू कुटीत जाऊन बसावं, मातीच्या भिंती आणि कवेलू काय करतात ते कळेल. वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसनं तर कुंभाराच्या चाकावरच्या पोकळ, निमुळत्या नळ्या एकीत एक घालून कमानीचं छप्पर करून दाखवलंय, त्याला लाकूडफाटा लागत नाही आणि वांदरांचीही चिंता नाही.

पण काकूंचं मन माझ्या माती-कोंड्याच्या व्याख्यानानं वळलं नाही. 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचं पाणी भंडाऱ्यात शिरलं तेव्हा त्यांच्या बहिणीचं धान, कागदपत्रं आणि दागिन्यांचा डबा माळ्यावर होता म्हणून वाचला. "माळा नाई काढाचा," त्यांनी मिस्त्रीला तिथल्या तिथे सांगितलं. मिस्त्रीनं एक दिवसाची मजुरी वाढवून मागितली. काकूंनी मुलाला व्हिडिओ कॉल लावला, कुरतडलेली वायर कॅमेऱ्यासमोर धरली आणि नंतर पैशाचा विषय काढला. पैसे दहा मिनिटांत आले.

मी निघाले तर काकूंनी बजावलं, "शिडी घेऊन जाजो, तुमचाबी माळा पाहून घे पावसाच्या आंदी. पण मास्तरीणबाईनं मागतली तर नको देजो. पोराच्या बारशाले नेलेली परात अजून वापस आली नाई, अन् तो पोरगा आता दहावीले हाये."