व्हिसा पाहावा काढून

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्याने केली त्याच्या घरात परदेशी निघालेला पुतण्या नसावा.

आमचा पुतण्या एकोणतीस वर्षांचा, संगणक अभियंता, नोकरी हिंजवडीला. एका रविवारी पोहे खाता खाता त्याने जाहीर केलं की आपण देश सोडणार. कुठे जाणार, असं मी विचारलं. भाव न विचारता हापूसची पेटी उचलणाऱ्या माणसाकडे आमच्या घराण्यात ज्या नजरेने बघतात, त्या नजरेने त्याने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "काका, देश नंतर. आधी व्हिसा ठरवायचा. ज्याचा व्हिसा बसेल तो आपला देश."

वहिनींच्या मते परदेश म्हणजे अमेरिका; बाकीचे देश नकाशा रिकामा दिसू नये म्हणून. त्यामुळे पहिला विचार निघाला तो विद्यार्थी व्हिसाचा, म्हणजे एफ-1 चा. पुन्हा कॉलेजात जायचं, एवढंच. या व्हिसाच्या खिडकीशी एकच गोष्ट पटवून द्यावी लागते, की शिक्षण संपलं की मी घरी परत येणार. समोरचा माणूस कायमचा राहायलाच आलाय, असं कायदा आधीच धरून चालतो. तसं नाही हे त्याने सिद्ध करायचं. फ्लॅट तारण ठेवून आणि पाटल्या मोडून कोणी मुलाला परत येण्यासाठी पाठवत नाही, हे काचेच्या अलीकडच्याला ठाऊक असतं आणि पलीकडच्यालाही. तरी वांद्र्याच्या बीकेसीत हा प्रयोग सकाळपासून हाऊसफुल्ल असतो.

एच-1बी हा नोकरीचा व्हिसा त्यातल्या त्यात सरळ. पुढे कायमचं राहायचा विचार आहे, हे इथे उघड मान्य करता येतं. खोटं बोलणाऱ्यांना गाळायची सोय नाही म्हणून मग सोडत काढतात. वर्षाला 65 हजार, आणि अमेरिकेत पदव्युत्तर शिकलेल्यांसाठी वरचे 20 हजार. म्हाडाच्या सोडतीत नंबर लागला तर निदान घर मिळतं. इथे मिळतो तो सहा वर्षांचा भाडेकरार, आणि तोही घरमालकाशी नाही, साहेबाशी. सप्टेंबर 2025 मध्ये तर देशाबाहेरून येणाऱ्या नव्या माणसासाठी कंपनीने 1 लाख डॉलर भरावेत असा हुकूम निघाला. पुतण्याच्या कंपनीने त्याच्यावर आजवर केलेला सर्वांत मोठा जादा खर्च म्हणजे दिवाळीचा सुक्यामेव्याचा डबा. त्यातही काजू तुकडा होता.

सहा वर्षांनंतर काय, तर ग्रीन कार्डाची रांग. कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना वर्षाच्या कोट्यातले सुमारे 7 टक्केच द्यायचे, असा नियम आहे. आइसलँडला जेवढे तेवढेच भारताला. समतेचं इतकं शुद्ध उदाहरण मी दुसरं पाहिलेलं नाही. ईबी-2 नावाच्या रांगेत भारतीयांचा नंबर 2013-14 च्या आसपासच्या अर्जांपाशी रेंगाळतो आहे. पुतण्या तेव्हा बारावीच्या क्लासला जात होता.

मग मीच ओ-1 सुचवला. हा असामान्य गुणवत्तेच्या माणसांसाठी. मोठं पारितोषिक नसेल तर आठ कसोट्यांपैकी किमान तीन पार कराव्या लागतात. त्यातली एक, दुसऱ्यांच्या कामाचं परीक्षण केल्याचा पुरावा. ही कसोटी वाचून मी थक्क झालो. एवढ्या एका मुद्द्यावर सबंध सदाशिव पेठ उद्या विमानात बसू शकते! पुतण्याने मात्र बाकीच्या दोन कसोट्या कुठून आणायच्या असं विचारलं, आणि त्याच्या शाळेतल्या लिंबू-चमच्याच्या प्रमाणपत्रावर चर्चा थांबली.

आमच्या घरात व्हिसाचा खरा अनुभव एकाच व्यक्तीला आहे, माझ्या थोरल्या बहिणीला. ताई न्यू जर्सीला तीनदा जाऊन आली. व्हिसा पर्यटनाचा, कारण बाळंतपणाचा असा वेगळा व्हिसा अजून निघालेला नाही. खिडकीत 'नातू सांभाळायला' म्हणायचं नाही, 'नातू बघायला' म्हणायचं, एवढं एक क्रियापद तिने पाठ केलं. विमानतळावर सहा महिन्यांचा शिक्का मिळाला. डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि शेकशेगडी घेऊन गेलेल्या या पर्यटक बाईने सहा महिन्यांत जे पर्यटन केलं ते स्वयंपाकघर ते पाळणा एवढंच. नायगारा तिने जावयाच्या फोनवर पाहिला.

अमेरिका संपल्यावर कॅनडा काढला. तिथे 1200 पैकी गुण मिळतात. वय वीस ते एकोणतीस असेल तर वयाचे पुरेपूर. तीस पूर्ण झाली की घसरण सुरू. पुतण्याचा वाढदिवस चार महिन्यांवर आहे, त्यामुळे या वर्षी केक आणायचा की नाही यावर घरात दोन तट पडलेत. नोकरीचं पत्र हातात असलं तर पूर्वी गुण वाढायचे. मार्च 2025 मध्ये तेही बंद केलं. फ्रेंच मात्र चालतं, उत्तम येत असेल तर 50 पर्यंत जादा गुण. म्हणजे ज्याला काम मिळालंय त्याच्यापेक्षा ज्याला काम नाही हे फ्रेंचमध्ये सांगता येतं तो वरचढ.

जर्मनीने जून 2024 पासून संधी कार्ड काढलं आहे. सहा गुण जमवा, वर्षभराच्या खर्चाचे पैसे बँकेत अडकवून ठेवा, आणि तिथे येऊन नोकरी शोधा. परवाना घेऊन बेकार राहायची ही कल्पना वहिनींना पटली नाही. बेकार राहायला आपलं पुणं काय वाईट, असं त्या म्हणाल्या.

मडगावच्या माझ्या मित्राला यातलं काहीच समजत नाही. त्याच्याकडे हा प्रश्न आजोबांनी जन्मतःच सोडवून ठेवला. 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात जन्मलेल्याचा जन्म लिस्बनला नोंदवायचा, आणि मग मुलं-नातवंडं पोर्तुगीज पासपोर्टाची वाट धरतात. तो हाती आला की भारताचं नागरिकत्व जातं, ही गोष्ट निराळी. पुतण्याने आमच्याही आजोबांची चौकशी केली. ते मिरजेचे निघाले. त्यांच्याबद्दल इतका निराश झालेला वंशज मी प्रथमच पाहिला.

(1883 साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि अमेरिकेला पोहोचल्या. त्यांना अख्ख्या समाजाने अडवलं, व्हिसाने नाही. आता नेमकं उलट आहे. समाज सत्काराला हार घेऊन तयार असतो.)

राहिला ऑस्ट्रेलिया. तिथे किमान 65 गुण लागतात. 65 ला फक्त रांगेत उभं राहता येतं, बोलावणं येईलच असं नाही. पुतण्याला वयाचे 30, पदवीचे 15, नोकरीच्या वर्षांचे 10, इंग्रजीचे 10. अविवाहित असल्याचे आणखी 10! हे ऐकून वहिनींच्या हातातला झारा तसाच राहिला. गेली तीन वर्षं त्या विवाहमंडळाच्या पायऱ्या झिजवत होत्या, आणि इथे सून आली तर 10 गुण जाणार होते. सून तिथल्या यादीतल्या धंद्यात कुशल ठरली आणि इंग्रजीतही पास झाली तर 10 परत मिळतात. नुसती इंग्रजीत पास झाली तर 5. दोन्ही नाही, तर शून्य. आता वहिनींनी स्थळांची वही नव्याने आखली आहे. गोत्राच्या रकान्यात कौशल्य चाचणी आली. सुगरण असल्याला ऑस्ट्रेलियात एकही गुण नाही, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

बेरीज 75 झाली. आणखी 5 कुठून आणायचे म्हणून पुतण्या रात्रभर यादी चाळत बसला आणि सकाळी पडेल चेहऱ्याने माझ्याकडे आला. तिथे एक दुभाषाची परीक्षा असते. इंग्रजी आणि आपली भाषा यांत दोन संवाद इकडचे तिकडे करून दाखवायचे, विषय दवाखाना, घरभाडं, कोर्टकचेरी असले. 90 पैकी 63 पडले की 5 गुण. या परीक्षेच्या भाषांत मराठी आहे.

हे पोर परदेशी जावं म्हणून भावाने त्याला बालवाडीपासून इंग्रजी शाळेत घातलं. घरात मराठी बोललं तर उच्चार बिघडतील म्हणून वहिनी त्याच्याशी 'बेटा, मिल्क फिनिश कर' अशा भाषेत बोलल्या. मराठीला जगाच्या बाजारात किंमत नाही, हे वाक्य त्यांनी माझ्याच दिवाणखान्यात किमान पन्नास वेळा म्हटलंय. किंमत आहे. 5 गुण. आणि ती कॅनबेराच्या सरकारने लावली आहे.

मी त्याची चाचणी घेतली. 'अनामत रक्कम' हे त्याला एखाद्या आजीचं नाव वाटलं. 'जामीन' म्हणजे शेत. 'पोटात मुरडा येतो'चं भाषांतर त्याने केलं नाही, नुसतं तोंड वाकडं केलं. त्याचे अर्धे गुण मी दिले.

शिकवणी रोज संध्याकाळी सात वाजता, माझ्या घरी. वाचकांपैकी कोणाचे चिरंजीव वा कन्या याच अडचणीत असतील तर खुशाल पाठवा, सतरंजीवर अजून चौघांची जागा आहे. फी घेत नाही. येताना एक मराठी वर्तमानपत्र आणावं, आणि ते सुलट धरता यावं, एवढीच अट आहे.