कोण गेलं, वहिनी?

चारकोपात माणूस गेला की "कसे गेले?" हा प्रश्न नंतरचा. आधी "कोण गेलं?" नाव तर समोरच लिहिलेलं असतं. नाक्यावर पुरुषभर उंचीचा फ्लेक्स, चारी कोपऱ्यांत हात जोडलेले पुढारी, मधोमध मयताचा फोटो आणि खाली ठसठशीत अक्षरांत वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव. पण त्या नावाने त्या माणसाला इथे कुणी कधी हाक मारलेली नसते. मध्यंतरीही भाजीची पिशवी सावरत मी फ्लेक्स दोनदा वाचला. नाव ओळखीचं वाटेना आणि फोटोही, कारण फोटोत डोक्यावर केस होते.

घरी आले तर वहिनी ग्रिलमध्ये उभ्याच. आमच्याकडे कुंपण वगैरे भानगड नाही. भिंतीला भिंत लागलेली बैठी घरं, त्यामुळे शेजारणीशी बोलायचं ते ओट्याच्या ग्रिलमधून, नाहीतर लोखंडी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून.

"अहो ताई, बेस्टवाले काका गेले ना!"

"ते होय! मला वाटलं, कुणी दुसरेच."

"मलापण. 'कोण बाई हे' म्हणून मी पुढे गेले. दळण टाकून आले तेव्हा सुनेने सांगितलं. मग मेली लाज वाटली."

लाज वाटून घ्यायचं खरं तर कारण नाही. इथे माणूस ओळखला जातो तो कामावरून, रूम नंबरवरून, फार तर गावावरून. बेस्टवाले काका, मिलवाले आबा, कोपऱ्यावरच्या शिवणवाल्या, खालच्या रांगेतले सातारकर. रेशन कार्डावरचं नाव आहे ते सरकारसाठी. गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र ही रेशन कार्डावरची नावं भराभर फ्लेक्सवर यायला लागलीत. त्याला साथ वगैरे कारण नाही. आमची वस्तीच एका वयाची आहे.

जागतिक बँकेच्या कर्जातून 1985 मध्ये मुंबईचा जो नागरी विकास प्रकल्प सुरू झाला, त्यातून म्हाडाने इथे खाडीकडच्या ओल्या जमिनीवर भर घालून प्लॉट पाडले. 25, 30, 40 चौरस मीटरचे. पस्तीसेक घरांची एक सोसायटी आणि मध्ये मोकळा चौक. रस्ता, पाणी, गटार सरकारचं, घर ज्याचं त्याने बांधायचं. गोराईची प्लॉटची वस्तीही त्याच योजनेतली. सोडतीत नंबर लागला तेव्हा बहुतेकांची वयं पस्तीस-चाळीस, पोरं शाळेत, खिसे रिकामे. आता हिशेब करा. सगळे एकाच गाडीत चढलेले, तेव्हा उतरायचं स्टेशनही जवळपास एकच. पुढे असल्या योजना फसल्या असं म्हणत मोठमोठ्या लोकांनी त्यांचा नाद सोडला. वीसेक वर्षांनी अभ्यासक परत बघायला आले, तर चारकोप छान नांदत होतं आणि तसा त्यांनी निबंधही लिहिला. पण ते नांदतं करणारे कोण, हे त्या निबंधात कुठून येणार? ते आमच्या ग्रिलमध्ये.

"काकांचा पंच आठवतो?" वहिनींनी विचारलं.

न आठवायला काय झालं! कंडक्टरकी करताना हातात जो तिकिटाचा पंच असायचा, त्याची टिकटिक काकांच्या बोटांत कायमची भिनली होती. रिटायर झाल्यावर पंच गेला, टिकटिक राहिली. मेंटेनन्स मागायला आले की चावीने ग्रिलवर टिकटिक, टिकटिक. बेल वाजवायचे नाहीत. म्हणायचे, बेल ड्रायव्हरसाठी असते. सोसायटीचा हिशेब वे-बिलासारखा उभ्या रकान्यांत मांडायचे आणि महिनाअखेरी आठ आणे जरी जुळले नाहीत तरी रात्री दहाला दार वाजायचं. मीटिंगमध्ये लोक दारातच घोटाळले की मोठ्याने, "आत सरका, मध्ये जागा आहे!"

"हे सगळं खरं," वहिनी म्हणाल्या, "पण शिडी?"

शिडीचं प्रकरण असं. सुरुवातीच्या दिवसांत सगळ्यांनी वर्गणी काढून एक लाकडी शिडी घेतली होती, पत्रे चढवायला. ती पहिल्यांदा काकांच्या घरी गेली आणि मग त्यांच्याच घरची झाली. कुणाला लागली तर मिळायची, नाही असं नाही. पण काका रजिस्टरमध्ये सही घ्यायचे आणि परत येईपर्यंत दारात उभे राहायचे. आपल्याच पैशाची शिडी आपण सही करून नेतो, यावरून वहिनींच्या मिस्टरांनी दोन वर्षं त्यांच्याशी अबोला धरला होता.

"पण हे गेले तेव्हा," वहिनी जरा थांबल्या, "त्याच शिडीची तिरडी करायला काढली होती त्यांनी. बांबू यायला उशीर होत होता. मी म्हटलं, नको हो काका, सही कोण करणार?"

आम्ही दोघी हसलो. समोरून काकांचा जावई दुधाची पिशवी घेऊन येत होता, त्याने आमच्याकडे पाहिलं. त्याला काय वाटलं असेल ते असो. सुतकात हसू नये असं म्हणतात खरं. पण ज्याच्या मागे चारचौघांना हसण्यासारखं काही आठवत नाही, त्याचं जगणं जरा फुकटच गेलं असं माझं मत आहे.

काकांनी शेवटचे दिवस काढले ते माघी गणपतीच्या चौकश्या करत. 2025 च्या फेब्रुवारीत पीओपीच्या बंदीवरून चारकोपच्या राजाचं विसर्जन अडलं. कोर्टाकडून मार्ग मोकळा होऊन मूर्ती मार्व्याच्या समुद्रात गेली ती थेट ऑगस्टमध्ये. तेवढे सगळे महिने काका ओट्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, "गेला का राजा?" आणि नाही म्हटलं की, "कोर्टात तारीख पडलेला देव मी पहिल्यांदाच बघतोय."

पुढे त्यांच्या दहाव्याला कावळा शिवेना. मुलाने आईला सांभाळीन म्हटलं, भावाने गावच्या जमिनीचं नाव काढलं, तरी काही नाही. शेवटी आमचे खजिनदार पुढे झाले आणि म्हणाले, "काका, ऑडिट वेळेवर होईल." तेव्हा आला. वहिनींना हा मोठा पुरावा वाटतो. मला वाटतं, शेजारच्या मंडळींचं फरसाण संपलं म्हणून तो आमच्याकडे वळला. पण हे मी काकांच्या बायकोसमोर बोलणार नाही.

त्या दिवशी काकांवरून विषय पोळीभाजीवाल्या मावशींवर गेला, जाणारच होता. मावशींना जाऊन वर्ष व्हायचंय. त्यांच्या फ्लेक्सवर कुणीतरी 'अन्नपूर्णा' लिहिलं होतं. वहिनींना तो शब्द अजून सलतो.

"अन्नपूर्णा म्हणे! तोंडावर म्हणाला असता ना, तर लाटणं घालून पाठवला असता."

मावशी लालबागच्या. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यात त्यांचे यजमान घरी बसले ते कायमचे. तो संप कुणी रीतसर मागेही घेतला नाही. यजमान रोज सकाळी आंघोळ करून, पॅंट-शर्ट घालून, कामावर निघाल्यासारखे खुर्चीत बसायचे. इथल्या प्लॉटचे हप्ते मावशींनी पोळ्या लाटून फेडले. पहाटे चारला त्यांच्या पोळपाटाचा आवाज सुरू व्हायचा. एक गुडघा मुडपलेला, एक पाय लांब, डाव्या हाताशी पिठाची परात, उजवीकडे तवा. घडी घालून, तेलाचं बोट फिरवून, पीठ भुरभुरून पोळी लाटायची, तव्यावर टाकायची, आणि ती फुगेस्तोवर पुढची लाटून तयार. हिशेब ओट्याच्या टाइलवर खडूने. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. टाइल पुसायची मुभा कुणाला नव्हती, सुनेलाही नाही.

"गॅस महागला की काय करायच्या ते सांगा," मी म्हटलं.

"पोळी पातळ! आकार तोच हं, गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून. मी एकदा उजेडात धरली तर पलीकडचं कालनिर्णय दिसलं. एकादशी कधी आहे ते वाचून दाखवलं त्यांना."

"मग?"

"मग काय, आठ दिवस मला पोळ्या बंद."

त्याच मावशींनी वरच्या माळ्यावर भाड्याने राहणाऱ्या एका पोराला, त्याची नोकरी गेली तेव्हा, दोन महिने फुकट जेवू घातलं. आणि पुढची दहा वर्षं सगळ्या चौकाला ते ऐकवलं. दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या. फ्लेक्सवाल्याला त्यातली एकच छापता येते, ती त्याची अडचण.

त्यांना मेट्रोची फार हौस होती. 2009 साली राष्ट्रपती प्रतिभाताई पाटलांनी चारकोप-वांद्रे-मानखुर्द मेट्रोचं भूमिपूजन केलं, तेव्हा मावशींनी साडीसुद्धा ठरवून ठेवली, लालबागला माहेरी मेट्रोने जायचं म्हणून. लालबाग त्या रस्त्यावर येत नाही हे सांगायचं धाडस कुणी केलं नाही. ती मेट्रो त्या रूपात झालीच नाही. 2022 च्या एप्रिलमध्ये दहिसरहून गाडी आली ती डहाणूकरवाडीपर्यंत, स्टेशनलाही नाव डहाणूकरवाडीचं. आमच्या वाट्याला आली ती कारशेड. मावशी एकदाच बसल्या. उतरल्यावर म्हणाल्या, "खिडकी उघडत नाही, माणूस भांडत नाही. कसली गाडी!"

वहिनी आत जाऊन चहा घेऊन आल्या. ग्रिलमधून कप आडवा करावा लागतो, त्यामुळे अर्धाच भरायचा, हेही आता सवयीचं झालंय.

मध्ये गावठाणातल्या अंकलचा विषय निघाला आणि लवकर संपला. आम्ही प्लॉटवाले, ते मूळचे चारकोप गावचे, ईस्ट इंडियन. त्यांच्या घरची मराठी ऐकायला गोड आणि आपल्याला अर्धी कळणारी. भेटले की एकच वाक्य ठरलेलं, तुमच्या किचनखाली आमचं खाजण आहे. ते चेष्टेत म्हणायचे की मनापासून, ते मला कधी ठरवता आलं नाही. आगेराच्या सणाच्या दिवसांत नव्या भाताच्या लोंब्या आशीर्वादाला चर्चमध्ये न्यायच्या असतात. भात पिकवायला इथे जमीन उरली कुठे? अंकल कुठून तरी चार लोंब्या पैदा करायचेच. अंकल गेले, यंदा त्या कोण आणणार, हे त्यांच्या मुलाला विचारायला हवं.

आणि मग वहिनींनी मास्तरांचं नाव काढलं. मास्तर गेले एप्रिल 2021 मध्ये, दुसऱ्या लाटेत. अंत्यविधीला 20 माणसांची मर्यादा, त्यात घरचेच निम्मे विलगीकरणात. आम्ही ओट्यावरून अॅम्ब्युलन्स वळताना पाहिली, बस. ना दुखवट्याला गेलो, ना कुणी पिठलं-भात नेऊन दिला. ग्रुपवर हात जोडलेल्यांची रांग लागली आणि खाली कुणाचीतरी लसीच्या वेळेची चौकशी. त्यांच्याबद्दल बोलायचं राहूनच गेलं होतं. ते आत्ता निघालं. सेक्टरातल्या अर्ध्या पोरांना गणित शिकवलं या माणसाने. सरळव्याज शिकवायला उदाहरण म्हाडाच्या हप्त्याचं, सरासरी शिकवायला मावशींच्या पोळ्यांचं. चुकलं की कान पिळायचे. वहिनींच्या थोरल्याचा डावा कान जरा लांब आहे, तो त्यांच्यामुळेच असं त्या म्हणतात. (तो जन्मापासून तसा आहे.) आणि मास्तरांचा स्वतःचा मुलगा दहावीला गणितात नापास झाला, तेव्हा मास्तर पेढे घेऊन घरोघर फिरले होते. म्हणाले, बाकीच्या विषयांत पास झालाय. हे त्या वेळी मला विचित्र वाटलं होतं. आता वाटत नाही.

"त्यांच्या घराचं काय झालं पुढे?"

"काय होणार? नॉमिनी धाकटा, त्याला वाटलं आपणच मालक."

हे मात्र सगळ्यांनी ऐकून ठेवण्यासारखं आहे. सोसायटीच्या फॉर्मवर नॉमिनी म्हणून ज्याचं नाव, तो मालक होत नाही. सोसायटीला व्यवहारापुरतं एक नाव लागतं म्हणून ते. हक्क वारसांचा, मृत्युपत्र असेल तर त्यात लिहिलंय त्याचा. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची, तीही लोक दिवस-कार्याच्या गडबडीत विसरतात. बेस्टवाल्या काकांनी प्रत्येक घराच्या नॉमिनेशनची यादी एका लाल वहीत करून ठेवली होती. आता ती वही सापडत नाही. मुलगा म्हणतो, कपाटात असेल. कपाटाची चावी काकांच्या जुडग्यात, म्हणजे ज्या जुडग्याने ते ग्रिल वाजवायचे त्यात. आणि जुडग्यात चाव्या इतक्या, की त्यातल्या निम्म्या कुलपांची घरं एव्हाना पाडून वर मजले चढलेत.

"बरं ते जाऊ दे," वहिनी म्हणाल्या. "तेराव्याला काकांबद्दल दोन शब्द तुम्ही बोला. तुम्हाला बोलता येतं."

"बोलीन. पण शिडीचं सांगणार."

"सांगा की! नाहीतर लोकांना कळणार कसं, कोण गेलं ते? आणि हे बघा, माझ्या वेळीही तुम्हीच बोला. माझा मुलगा नुसता रडेल आणि सुनेला काही माहीत नाही."

"बोलीन. पण खरं तेच सांगणार हं, पहिल्यापासून."

वहिनींनी माझा रिकामा कप ग्रिलमधून आडवा करून आत घेतला.

"तसं असेल तर जेवणं आधी उरकून घ्या," त्या म्हणाल्या. "नंतर कुणी थांबायचं नाही."