पुलाखालचा सक्करदरा

नागपूरच्या सक्करदऱ्यात काय नाही? भोसलेकालीन तलाव आहे, बुधवार बाजार आहे, डोक्यावर उड्डाणपूल आहे. नोकऱ्या तेवढ्या जरा लांब, मिहानला.

म्हणून काय झालं, मेट्रो आहे ना! 11 डिसेंबर 2022 रोजी तिच्या पहिल्या टप्प्याचं लोकार्पण पूर्ण झालं. खापरी–ऑटोमोटिव्ह चौक आणि लोकमान्यनगर–प्रजापतीनगर या दोन्ही मार्गिका सीताबर्डीला एकमेकींना कडकडून भेटतात. सक्करदऱ्याला दोघींपैकी एकही भेटत नाही. त्याच महिन्यात वर्धा रोडवरचा मेट्रोचा 3.14 किलोमीटरचा दुमजली पूल गिनीज बुकात गेला. विक्रमालाही वर्धा रोडच सोयीचा पडला.

रुसू नये. 2014 पासून खासदार असलेल्या नितीन गडकरींनी नागपूरकरांच्या प्रत्येक गरजेवर एक महोत्सव काढला आहे. खेळायचं आहे? खासदार क्रीडा महोत्सव. उद्योग हवेत? 2024 पासून ‘अ‍ॅडव्हांटेज विदर्भ’ हा औद्योगिक महोत्सव. गाणी ऐकायची? सांस्कृतिक महोत्सव तर शेजारच्या हनुमाननगरात, ईश्वर देशमुख महाविद्यालयाच्या मैदानावर. पुण्याला नोकरीला गेलेला पोरगा सुटीत आला, तर त्यालाही सोबत न्यावं.

फक्त कार्यक्रम संपायच्या आत परतीचा ऑटो ठरवून ठेवा.