सेल्फवाले तात्या

कराडपासून कोल्हापूरपर्यंतच्या पट्ट्यातल्या कुठल्याही मोठ्या गावात चौकशी करा, एक तरी तात्या सापडतील. नाव अण्णा असेल, आबा असेल. दारातली गाडी मात्र ठरलेली. टाटाची बारा-दहा. नंबर एमएच सुरू व्हायच्या आधीचा, कपाळावर ‘आईचा आशीर्वाद’, क्लीनरच्या बाजूचा दरवाजा आतून दोरीने बांधलेला. हंगामात ऊस, हंगाम सरला की विटा, आणि पावसाळ्यात तिच्याखाली कोंबड्या. मुलं म्हणतात, विकून टाका. तात्या शांतपणे ऐकून घेतात, उठतात आणि टायरवर पाना आपटून हवा बघतात. चर्चा संपली.

या गाडीला त्यांच्यासमोर ‘जुनी’ म्हणायचं नाही. “इंजान जर्मनीचं हाय,” हे ते पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी सांगतात. आता टेल्को आणि डेमलर-बेंझचा करार झाला १९५४ साली, संपला १९६९ साली, आणि त्याबरोबर बॉनेटवरचा मर्सिडीजचा ताराही गेला. तात्यांची गाडी ८४ची. हा हिशेब कुणी मांडलाच तर उत्तर तयार असतं : “तारा गेला. रगात कुठं जातंय?” सहा सिलिंडर, ९२ मिलिमीटरचा बोअर, म्हणून इंजिनाचं नाव ६९२, हे त्यांच्या नातवालाही पाठ आहे. पाढे नाहीत.

अशा या खानदानी इंजिनाला जागं करणारा सेल्फ एक दिवस बटण दाबल्यावर नुसतं ‘कट्’ म्हणतो आणि गप्प बसतो. पहिले काही महिने यावर हातोडी चालते. क्लीनरने गाडीखाली शिरून सेल्फच्या अंगावर बेताने दोन ठोके द्यायचे, वर तात्यांनी बटण दाबायचं. ठोक्याने आतले झिजलेले कार्बन जागचे हलतात, कम्युटेटरला टेकतात आणि गाडी निघते. तात्या नवा क्लीनर ठेवताना त्याची इयत्ता विचारत नाहीत, हातोडी कशी धरतो ते बघतात. मग हातोडीचाही गुण येईनासा होतो. जुन्या पेट्रोल गाड्यांना हँडल मारून भागायचं. डिझेलच्या सहा सिलिंडरपुढे माणसाच्या मनगटाचं काही चालत नाही. तिथे बॅटरीतून एका दमात शेकडो अँपिअर ओढणारा गडीच लागतो. वायरमन सेल्फ उतरवून, खोलून, नाकाशी धरतो आणि सांगतो, “तात्या, आर्मेचर जळलं. पुढचं नाकाडबी तडकलंय. दुसरा बघा.”

या दोन शब्दांनी तात्यांच्या चेहऱ्यावर जे येतं त्याला दुःख म्हणता येणार नाही. घरच्यांना ते ओळखीचं आहे. काकू न बोलता भाकऱ्या बांधायला घेतात.

वास्तविक तालुक्याच्या दुकानात नवा सेल्फ मिळतो. ही तात्यांच्या दृष्टीने सगळ्यात अडचणीची गोष्ट. दुकानदार खोका उघडून ठेवतो. हल्लीचा गिअरवाला सेल्फ आकाराने लहान : मोटर छोटी, पण वेगाने फिरणारी, आणि मधल्या गिअरमुळे जोर कमी पडत नाही. तात्या तो एका हाताने उचलतात, इथेच त्याचा निकाल लागतो. “एका हातानं उचलतुया? ह्यो सेल्फ न्हवं, मिक्सर हाय. चटणी वाटा ह्याच्यावर.” पुतण्या आयटीआय झालेला आहे. तो गिअरचं प्रमाण समजावून सांगतो. तात्या सगळं पटल्यासारखं ऐकतात आणि विचारतात, “पर तांबं किती हाय त्यात?” त्यांना हवा असतो जुना लुकास. चेन्नईजवळच्या पाडीत १९६१ साली लुकास-टीव्हीएस सुरू झाली. तिचा त्या काळातला, दोन हातांनी उचलावा लागणारा, खालच्या पट्टीवर नंबर ठोकलेला. तो मिळत नाही, हे खरं तर त्याचं मोठं आकर्षण.

मग जळका सेल्फ युरियाच्या गोणीत बांधून तात्या एसटीत चढतात. गोणी सीटखाली जात नाही आणि मांडीवर राहत नाही. कंडक्टर विचारतो, काय आहे. तात्या सांगतात, सेल्फ. पुढच्या सीटवरचा गृहस्थ वळून बघतो, कारण त्याच्या मेव्हण्याचाही ट्रक असतो. सांगलीपर्यंत दोन पत्ते आणि एक फोन नंबर मिळालेला असतो. सांगलीतला दुकानदार कोल्हापुरात उद्यमनगरला धाडतो, उद्यमनगरातला पुण्याच्या नाना पेठेत, नाना पेठेतला कुर्ल्याला. प्रत्येक जण म्हणतो, “माझं नाव सांगा.” पुढच्या दुकानात ते नाव कुणाला माहीत नसतं, पण चहा मिळतो.

प्रत्येक काउंटरवर परीक्षा तीच. पिनियनचे दात नऊ, दहा की अकरा? फिरतो कुठल्या अंगाला? भोकं दोन की तीन? आणि व्होल्ट बारा की चोवीस? पहिल्या खेपेला तात्या ऐटीत म्हणाले, “दोन बॅटऱ्या हायत.” दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. “दोन असल्या म्हणून चोवीस होत नाहीत काका. जोडल्यात कशा? एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला असेल तर चोवीस. प्लसला प्लस असेल तर बाराच.” त्या दिवसापासून तात्या हाच प्रश्न गावातल्या प्रत्येकाला विचारतात, ज्यांच्याकडे सायकल आहे त्यांनाही.

दातांच्या बाबतीत मात्र त्यांना कुणी शिकवायची सोय नाही. दात चुकला की फ्लायव्हीलची रिंग खाल्ली जाते, आणि रिंग सगळीकडे सारखी झिजत नाही. सहा सिलिंडरचं इंजिन बंद होताना फिरून फिरून त्याच तीन जागांपैकी एकीवर थांबतं, म्हणून सेल्फचा घावही तिथेच बसतो. तात्यांची रिंग तीन जागी खाल्लेली आहे. मध्यंतरी ती तापवून काढून उलटी बसवली, तेव्हा तात्यांनी गल्लीत पेढे वाटले होते.

कुर्ल्याला सीएसटी रोडच्या भंगार बाजारात एका बोळातल्या गाळ्यावर अखेर तो निघतो. काळा, ग्रीसने माखलेला, पट्टीवरचा नंबर नखाने खरवडला की दिसणारा. “किस गाडी का है?” तात्या आपल्या हिंदीत विचारतात. “फायर ब्रिगेड का, चाचा. गाडी चलीच नहीं.” जुन्या बाजारात प्रत्येक सेल्फ एकतर फायर ब्रिगेडचा असतो नाहीतर मिलिटरीचा, ऊस ओढलेला सेल्फ तिथे आजवर कुणी विकलेला नाही. पोरगा सेल्फ जमिनीवर ठेवतो, त्यावर पाय दाबून उभा राहतो आणि बॅटरीची केबल टेकवतो. निळी ठिणगी उडते, पिनियन खट्‌दिशी पुढे येतो, आणि सेल्फ पोराला घेऊन वीतभर सरकतो. तात्या मागे होत नाहीत. “परत लाव,” म्हणतात. पोरगा परत लावतो. तिसऱ्यांदा ते स्वतः चप्पल काढून सेल्फवर पाय ठेवतात.

भावाची घासाघीस नावापुरती होते. गाळेवाल्याला तात्यांचा चेहरा दिसत असतो. तो काय म्हणून उतरेल? येण्याजाण्याचं भाडं, लगेज, लॉजची रात्र आणि खाणावळ धरून एकूण रक्कम तालुक्यातल्या नव्या सेल्फच्या पुढे जाते. पुतण्या कागदावर बेरीज करतो. तात्या कागदाची सुरळी करून कान कोरतात.

गाडी एका बटणात सुरू होते. चार दिवस तात्या येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून ती बंद करतात आणि चालू करतात. पाचव्या दिवसापासून मात्र त्यांना करमत नाही. जळका सेल्फ भंगारात घालायचा विषय काढला, तर घरात अबोला. तो गोणीतच कॉटखाली राहतो, कारण “त्याचा सोलेनॉइड चांगला हाय, कुणाच्या तरी उपयोगी पडंल.”

पडतोही. एका सकाळी खटावकडचा एक अनोळखी माणूस खांद्यावर गोणी घेऊन पत्ता विचारत येतो. कुर्ल्याच्या पोराने त्याला तात्यांचं नाव सांगितलेलं असतं. तात्यांची छाती फुगते. त्याला कट्ट्यावर बसवून ते सुरू करतात : दात किती? भोकं किती? बॅटऱ्या जोडल्यात कशा? माणूस गोंधळतो. शेवटी तात्या विचारतात, “गाडी कंची?”

“लेलँड.”

तात्या बराच वेळ त्याच्याकडे बघतात. मग आत वळून हाक देतात, “आगं, चहा टाक. साखर जास्त घाल, पाव्हण्याकडं लेलँड हाय.”