बाक सव्वासहा, पाटी बारा

नदीकाठच्या बाकाचा पाय मोडला. कुठल्या घाटावरचा ते विचारू नका. वाईत सात घाट आहेत, सांगितलं तर सहा आळ्यांना हायसं वाटेल आणि सातवी माझ्या दारात येईल. सिमेंटच्या बाकाला पाय दोनच, त्यातला एक गेला. कलियुगात धर्म एकाच पायावर उभा असतो असं पुराणात सांगतात, तेव्हा बाकाने रडायचं कारण नाही.

बाकाच्या शेजारी पाटी आहे. तिला काहीही झालेलं नाही. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं, खाली विटांचा भक्कम कट्टा. ‘यांच्या संकल्पनेतून, यांच्या विशेष प्रयत्नांतून, यांच्या निधीतून, यांच्या शुभहस्ते.’ चार ‘यांच्या’ आणि बसायला एक बाक. मी घरून टेप नेला. बाकाची बैठक पाच फूट बाय सव्वा फूट, म्हणजे सव्वासहा चौरस फूट. पाटी चार बाय तीन, म्हणजे बारा. लोक टेपकडे बघू लागले, एकाने हळूच विचारलं, “काय साहेब, अतिक्रमण काढताय का?” काढलं असतं, पण कुणी कुणावर केलंय तेच ठरेना.

आमच्या शाळेत विभक्ती चुकली की हातावर पट्टी बसे. चा, ची, चे, च्या म्हणजे षष्ठी, आणि षष्ठी म्हणजे मालकी. ‘रामाचा घोडा’ म्हटलं की घोडा रामाचा, वैरण रामाची आणि लाथही रामालाच. या हिशेबाने ‘यांच्या निधीतून’ म्हणजे पैसे यांचे. कधी कमावले? हळदीची पेवं काढून? पसरणीच्या घाटात प्रवासी गाडी हाकून? पुढचा शब्द ‘निधीतून’ हा पंचमीचा, आणि पंचमीचा अर्थ वियोग. झाडावरून पान पडतं, तसा खिशातून पैसा. म्हणजे षष्ठी त्यांची, पंचमी आमची. एवढं व्याकरण एका पाटीत बसवणाऱ्या रंगाऱ्याचा खरं तर सत्कार व्हायला हवा, पण त्याचं बिल अजून निघालेलं नाही म्हणतात.

खासदारांना असा निधी 1993 पासून आहे, आता वर्षाला 5 कोटी. राज्यात आमदारांनाही वर्षाला 5 कोटी. खासदार निधीच्या नियमावलीत तर कामाच्या जागी खासदाराच्या नावाची पाटी लावायची सोयच करून ठेवली आहे. पाटी ही हौस नाही, ते नियमाचं पालन आहे. बाकावर माणूस बसेल इतपत तो टिकावा, एवढं कलम तेवढं सापडत नाही.

बाकापासून दहा पावलांवर चहाची टपरी आहे. तिथे एक फळी आहे, दोन डब्यांवर टाकलेली. तिला पाटी नाही. रात्री चहावाला ती साखळीने खांबाला बांधतो, दिवाळीत तिला रंग लावतो. मागच्या पावसाळ्यात ती मधोमध चिरली, तर दुसऱ्या दिवशी खालून पट्टी ठोकलेली. मी विचारलं, “निविदा कधी काढलीस?” तो म्हणाला, “आप्पा, फळी मोडली तर गिऱ्हाईक उभं ऱ्हातंय. उभं गिऱ्हाईक दुसरा चहा घेत न्हाय.” अर्थशास्त्राच्या खुर्च्या कितीही भक्कम असोत, या फळीइतकं शहाणपण मी कुठे ऐकलेलं नाही.

“आणि तो बाक कुणाचा?” मी विचारलं.

“उद्घाटनादिवशी लई जणांचा हुता. आता कुनाचाच न्हाय.”

कंपन्यांचं बरं असेल म्हणावं, तर दुसऱ्या घाटावर एक बाक कंपनीचाही आहे. त्याच्या पाठीवरच बोधचिन्ह कोरलंय, म्हणजे टेकलं की जाहिरात झाकली जाते आणि आपल्यालाच अपराधी वाटतं. खाली ‘सामाजिक बांधिलकीतून’. पुन्हा पंचमी! बांधिलकी कसली, 2013 च्या कंपनी कायद्याचं 135 वं कलम आहे ते. नफा ठरावीक मर्यादेच्या वर गेला की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करायचीच. कायद्याने हात पिरगाळून काढलेल्या पैशाला दान म्हणायचं, आणि ते पैसे असतात भागधारकांचे, ज्यांना वाई कुठे आहे हेही माहीत नसतं. कंपनीने त्यापेक्षा आपलं सांडपाणी धड सोडावं, माल चोख द्यावा, फसवलं तर भरपाई द्यावी. बाक आम्ही बघून घेऊ. पण नाही. बाक दिला की फोटो येतो, आणि फोटोत सांडपाणी दिसत नाही.

आता 2 टक्के निघालेच आहेत तर माझेही सांगतो. घरपट्टी थकली की नगरपालिकेच्या कायद्याने दरमहा 2 टक्के शास्ती लागते. दरमहा! कंपनीचे दोन टक्के वर्षाचे, आणि तेही नफ्यावर. माझे दोन टक्के महिन्याचे, आणि तेही छपरावर. मी आजारी होतो, पावती हरवली होती, मुलगा परगावी होता, यांतलं काहीही शास्तीला ऐकू येत नाही. बरं, मला उशीर झाला तर व्याज. मग बाकाला उशीर झाला तर? मी घाटावर उभा राहून जे गुडघे दुखवले, त्यांची दरमहा दोन टक्क्यांनी भरपाई कोण देणार? 2024 च्या ऑक्टोबरात शंभराच्या मुद्रांकावर भागणाऱ्या कामांना पाचशे लागू लागले, तेव्हा ते चारशे कुणाच्या निधीतून गेले? त्याची पाटी कुठाय? काडेपेटी घेणारी म्हातारी कर भरते, बिस्किटाचा पुडा घेणारं पोर कर भरतं, आणि मार्च एंडला ‘निधी परत जातोय’ म्हणून धावपळ सुरू होते. जाऊ दे ना परत! जिथून आला तिथे जाऊ दे, माझा पत्ता बदललेला नाही! पण परत जाणं म्हणजे आमच्याकडे येणं नव्हे, हे मला पन्नाशीनंतर कळलं. तो फक्त वरच्या कपाटात जातो. म्हणून मार्चमध्ये चांगल्या फरश्या उखडून नव्या बसवायच्या, आणि जूनमध्ये कृष्णामाईने त्या उचलून धोम धरणाचं पाणी जिकडे जातं तिकडे पोचवायच्या.

याच नदीकाठचं ढोल्या गणपतीचं देऊळ 1762 सालचं. सरदार रास्त्यांनी बांधलं. त्यांचे पैसे तरी कुठे नांगर धरून आले होते, तेही रयतेचेच, हे मला मान्य आहे. सरदारांची भलावण करायला मी बसलेलो नाही. पण बांधणाऱ्याने मागची भिंत माशाच्या आकाराची केली, पुराचं पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी जावं म्हणून. म्हणजे पूर येणार आणि देऊळ आपल्यालाच पुन्हा बांधावं लागेल, हे त्याला ठाऊक होतं. बाकवाल्याला हे ठाऊक असायचं कारण काय? पुन्हा बांधलं तर पुन्हा पाटी.

परवा संध्याकाळी गेलो तर बाक रिकामा, आणि पाटीच्या कट्ट्यावर तीन म्हाताऱ्या बसलेल्या. कट्टा रुंद आहे, उंचीही गुडघ्यांना सोसते, ग्रॅनाइटला टेकलं की पाठीला गार वाटतं. मला जागा करून देत एक म्हणाली, “बसा की, ह्ये मजबूत हाय.” बसलो. माझ्या मागे शुभहस्ते होते, तिच्या मागे निधी. आचारसंहिता लागली की या पाटीवर वर्तमानपत्र चिकटवतात. गेल्या खेपेला, चहावाला सांगत होता, आमचं हेच सदर चिकटवलं होतं. उलटं.